साठवलेले पैसे खाऊन दिवस काढले, आता बेरोजगारीचे पैसे मागता येतात का? ईएसआय कापला जात होता त्यांनी आधी तारीख बघावी

पारनेर, प्रतिनिधी :

सुपा, रांजणगाव, चाकण, वाळूज. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, शेवगाव भागातली किती तरी पोरं या एमआयडीसींमध्ये कामाला आहेत, नाही तर होती. कंपनीची ऑर्डर कमी झाली की पहिली कुऱ्हाड ठेकेदाराकडच्या कामगारांवर पडते. "उद्यापासून येऊ नका, फोन करतो" एवढंच सांगितलं जातं. फोन काही येत नाही. खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून माणूस गावाकडे येतो.

पहिले काही महिने घरात फारसं जाणवत नाही. बँकेतली शिल्लक असते, पीएफचे पैसे येतात, भिशी उचलली जाते. "लागेल कुठे तरी" म्हणत दिवस जातात. शिल्लक तळाला गेली की मग कोणी तरी सांगतं, "अरे, तुझा ईएसआय कापत होते ना? त्यातून बेरोजगारीचे पैसे मिळतात."

इथून खरी काळजी सुरू होते. इतके दिवस मागितले नाहीत, आता मागितले तर चालतील का? पीएफ काढून खाल्ला, त्यामुळे हक्क गेला का? "आजवर कसं भागवलं" असं साहेब विचारतील का? नावावर दोन एकर जमीन आहे, म्हणून अर्ज परत येईल का? या शंकांपायी बरेच जण कार्यालयाची पायरीच चढत नाहीत.

थोडक्यात उत्तर असं : शिल्लक खाल्ली, पीएफ काढला किंवा जमीन नावावर आहे म्हणून हा हक्क जात नाही. हक्क जातो तो मुदत गेल्यामुळे. काम सुटल्यापासून एक वर्षाच्या आत दावा करावा लागतो. त्यामुळे शिल्लक संपेपर्यंत थांबण्यात फायदा काहीच नाही, नुकसान मात्र होऊ शकतं.

ही मदत नाही, विमा आहे

गावात सरकारी पैसे म्हटलं की उत्पन्नाचा दाखला डोळ्यासमोर येतो. संजय गांधी निराधार योजनेला तो लागतो, शिष्यवृत्तीला लागतो. म्हणून लोकांना वाटतं की इथेही गरिबी सिद्ध करावी लागेल. तसं नाही.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. १९४८ च्या कायद्याने ही व्यवस्था सुरू झाली. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे १५,००० पगार असेल तर कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे आणि मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे, असे दर महिन्याला ६०० रुपये तुमच्या नावावर जमा होतात. आजारपण, अपघात, बाळंतपण आणि काम सुटणं अशा वेळेसाठीच हे पैसे असतात. त्यामुळे दावा करणं म्हणजे कोणापुढे हात पसरणं नाही. गाडीचा विमा भरलेला माणूस गाडी ठोकल्यावर पैसे मागताना लाजत नाही, तसंच हे.

काम सुटल्यावर जी योजना कामाला येते तिचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळायची. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, ती ५० टक्के करण्यात आली. आधी काम सुटून ९० दिवस झाल्यावर हक्क सुरू व्हायचा, तो ३० दिवसांवर आणला. पूर्वी दावा शेवटच्या मालकामार्फत पाठवावा लागायचा, तो आता कामगाराला थेट करता येतो. ठेकेदार फोन उचलत नाही म्हणून अडून बसायचं कारण उरलं नाही.

अटी कोणत्या?

अटी नीट वाचल्या तर अर्धी काळजी कमी होते.

१. काम सुटण्याच्या लगेच आधी किमान दोन वर्षं ईएसआय लागू असलेल्या नोकरीत असावं.

२. ईएसआयचं वर्ष दोन सहामाहीत मोजतात. एक १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि दुसरी १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं असावं. शिवाय त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी कोणत्याही एकीत किमान ७८ दिवस भरलेले असावेत.

३. गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे, वयोमानानुसार निवृत्तीमुळे किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे काम सुटलेलं नसावं.

४. आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाला जोडलेलं असावं.

५. ज्या दिवसांचे पैसे मागता, त्या दिवसांत तुम्ही बेरोजगार असायला हवं.

६. हा लाभ आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचा.

यात बँकेतल्या शिलकीचा उल्लेख कुठे नाही. सातबाऱ्याचा नाही, पीएफचाही नाही. पीएफचं कार्यालय वेगळं, ईएसआयचं वेगळं. एकीकडचे पैसे काढले म्हणून दुसरीकडचा हक्क बुडत नाही.

आणखी एक गैरसमज असतो. "सहा महिने झाले घरी बसून, आता माझे ७८ दिवस कसे भरणार?" हे दिवस अर्जाच्या तारखेपासून मागे मोजायचे नाहीत. काम सुटल्याच्या तारखेपासून मागे मोजायचे. घरी बसलेले महिने या हिशोबात येत नाहीत.

उदाहरण घेऊ

समजा एका कामगाराचं काम ३० सप्टेंबरला सुटलं. पगार दर महिन्याला १५,००० होता आणि आधीची दोन वर्षं सलग ईएसआय भरला गेला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्याने पीएफ आणि शिलकीवर काढले. मार्चमध्ये त्याला योजनेचं कळलं.

त्याचा दावा बसतो का? बसतो. एक वर्षाची मुदत पुढच्या सप्टेंबरअखेरपर्यंत आहे. त्याचे ९० दिवस कधीच पूर्ण झालेत, त्यामुळे तो सगळ्या दिवसांचा दावा एकदम करू शकतो. या योजनेत पुढच्या, अजून न आलेल्या दिवसांचे पैसे आगाऊ मागता येत नाहीत. मागच्या दिवसांचे मागता येतात.

रक्कम किती होईल? आधीच्या चार सहामाहींतली एकूण कमाई ७३० दिवसांनी भागायची. २४ महिन्यांचे ३,६०,००० रुपये होतात. भागिले ७३० म्हणजे रोजचे साधारण ४९३ रुपये. त्याचे निम्मे साधारण २४६ रुपये ५० पैसे. गुणिले ९०, म्हणजे २२,००० रुपयांच्या थोडं वर. पगार १२,००० असता तर हीच रक्कम साडेसतरा हजारांच्या वर गेली असती.

ही रक्कम घर चालवायला पुरणारी नाही. पण दुकानाची उधारी, शाळेची फी किंवा सोसायटीचं व्याज यातलं काही तरी त्यातून निघतं. सावकाराकडे जायचं एक पाऊल वाचतं.

आता तोच कामगार "बघू, कुठे तरी लागेल" म्हणत पुढचा दिवाळसण गाठेल, तर वर्ष उलटलेलं असेल. दोन वर्षं भरलेलं अंशदान तेच, गरज आधीपेक्षा जास्त, आणि दावा मात्र मुदतबाह्य.

मधे थोडं काम केलं असेल तर?

हा प्रश्न शेतकरी घरातल्या पोरांना हमखास पडतो. नियम साधा आहे. काम सुटल्यापासून नवीन काम लागेपर्यंतच्या दिवसांचेच पैसे मिळतात. समजा ६० दिवसांनी दुसऱ्या कंपनीत लागलात, तर ६० दिवसांचाच दावा बसतो. दाव्यात त्या दिवसांत बेरोजगार होतो असं लिहून द्यावं लागतं, म्हणून तारखा खऱ्याच टाकाव्यात. नवीन कंपनीत ईएसआय सुरू झाला की तुमच्याच विमा क्रमांकावर ते दिसतं, लपत नाही.

लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, हेही ध्यानात ठेवावं. महिनाभराचाच खाडा पडला असेल आणि घर निभत असेल, तर आत्ता वापरायचा की पुढच्या मोठ्या अडचणीसाठी ठेवायचा, याचा विचार करूनच दावा करावा. पण सहा-आठ महिने काम नसेल तर हात आखडून बसू नये.

अडचण बहुतेक वेळा इथे येते

पहिली अडचण दोन विमा क्रमांकांची. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार नवा क्रमांक काढून मोकळा होतो. मग एका क्रमांकावर आठ महिने, दुसऱ्यावर सोळा महिने असे दिवस विभागले जातात आणि दोन वर्षं भरत नाहीत. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि तो जन्मभर एकच ठेवायचा असतो. नव्या ठिकाणी लागताना जुना क्रमांक सांगावा. दोन निघालेच असतील तर ते एकत्र करण्यासाठी शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा.

दुसरी अडचण भरणा न करण्याची. पगाराच्या पावतीवर ईएसआय कापलेला दिसतो, पण ठेकेदाराने तो पुढे भरलेलाच नसतो. म्हणून पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, गेट पासचा फोटो आणि पगार जमा झाल्याच्या बँक नोंदी टाकून देऊ नयेत. भरणा दिसत नसेल तर याच कागदांच्या आधारे शाखा कार्यालयात तक्रार करता येते. भरणा करणं ही मालकाची जबाबदारी आहे, कामगाराची नाही.

तिसरी अडचण सहीची. हिशोब देताना "इथे सही करा" म्हणून कागद पुढे सरकवला जातो. त्यावर काय लिहिलंय ते वाचावं. कामावरून कमी केलं असेल आणि कागदावर "स्वखुशीने काम सोडत आहे" असं असेल, तर सही करण्याआधी दहा वेळा विचार करावा. तो कागद पुढे प्रत्येक दाव्यात आडवा येऊ शकतो. निदान मोबाइलमध्ये त्याचा फोटो तरी काढून ठेवावा.

चौथी अडचण नावाची आणि खात्याची. आधारवर एक नाव, ईएसआयमध्ये दुसरं, पासबुकावर आडनाव आधी, असं असेल तर दावा अडकतो. बऱ्याच जणांचं खातं विलीन झालेल्या बँकेत असतं. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड आता चालत नाही. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातंही बंद पडलेलं असू शकतं. आधी बँकेत जाऊन खातं चालू आहे का ते बघावं.

दावा कसा करायचा?

ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमाधारकासाठी वेगळं लॉगिन आहे. विमा क्रमांक आणि नोंदलेला मोबाइल नंबर लागतो. आत गेल्यावर कोणत्या महिन्यात किती दिवसांचं अंशदान भरलं गेलं ते दिसतं. दावा करण्याआधी हे पान जरूर बघावं आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा.

तिथूनच अटल बीमित योजनेचा दावा भरता येतो. आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडायची असते. पूर्वी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र मागितलं जायचं, ती अट नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली. त्यामुळे प्रतिज्ञापत्राच्या नावाखाली कोणी पाचशे-हजार रुपये मागत असेल तर देऊ नयेत. कागद ऑनलाइन जोडता आले नाहीत, तर भरलेल्या अर्जाची प्रिंट सही करून, कागदांसह शाखा कार्यालयात द्यावी. पोच घ्यायला विसरू नये. पैसे थेट खात्यात येतात. दाव्याला फी नाही. "साहेबाच्या ओळखीने करून देतो, अर्धे माझे" म्हणणाऱ्यापासून दूर राहावं आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.

योजना कायमची नाही. २०१८ पासून तिला ठरावीक काळाची मुदतवाढ मिळत आली आहे. म्हणून तालुक्याहून गाडी धरण्याआधी १८००-११-२५२६ या ईएसआयसीच्या मोफत क्रमांकावर योजना सध्या चालू असल्याची खात्री करून घ्यावी. एका फोनने दिवसाची खाडेमजुरी आणि गाडीभाडं वाचतं.

कंपनीच बंद पडली असेल तर

अशा कामगारांसाठी दुसरी योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ती १ एप्रिल २००५ पासून लागू आहे. कारखाना बंद पडला, कायद्यानुसार कामगार कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने ४० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर ती लागू होते. किमान दोन वर्षांचं अंशदान हवं. यात जास्तीत जास्त २४ महिने पैसे मिळतात. पहिले १२ महिने सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के आणि नंतरचे १२ महिने २५ टक्के. म्हणजे ९० दिवसांपेक्षा कितीतरी मोठा आधार. कंपनीला कुलूप लागलं असेल तर आधी हिच्याबद्दल विचारावं. एकाच काळासाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत.

दवाखान्याचं कार्ड लगेच बंद होत नाही

काम सुटलं की लोक ई-पहचान कार्ड कपाटात टाकतात आणि खासगी दवाखान्यात शिल्लक घालवतात. ईएसआयमध्ये एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानाचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये असतो. ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये असतो. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या कामगाराचे शेवटच्या सहामाहीतले ७८ दिवस भरले असतील, तर ३० सप्टेंबरला काम सुटूनही उपचाराचा हक्क पुढच्या जूनअखेरपर्यंत राहतो. घरात बाळंतपण, ऑपरेशन किंवा कायमची औषधं असतील तर ही गोष्ट त्या २२ हजारांपेक्षाही मोलाची ठरते.

पीएफ काढताना एक चूक टाळा

शिलकीत सगळ्यात मोठा वाटा पीएफचा असतो. तो काढणं गैर नाही, अडचणीसाठीच आहे. पण पीएफच्या सोबत पेन्शनचा एक वेगळा हिस्सा असतो. मल्टिसर्व्हिसवाला घाईत दोन्ही फॉर्म भरून टाकतो आणि पेन्शनचेही पैसे काढले जातात. तसं झालं की पेन्शनसाठी मोजली जाणारी आधीची वर्षं पुसली जातात. एकूण दहा वर्षं भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. सहा-सात वर्षं झालेल्या कामगाराने थोड्या पैशांसाठी ती वर्षं मोडू नयेत. पेन्शनचे पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घेता येतं. पुढे दुसरीकडे लागल्यावर आधीची वर्षं त्यात मिळवता येतात.

ठेकेदार पीएफमध्ये काम सोडल्याची तारीख टाकत नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला स्वतः ती टाकता येते. ही तारीख आणि ईएसआयच्या दाव्यातली तारीख एकच असावी. दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या की चौकशी लागते.

ज्यांचा ईएसआय कधी कापलाच गेला नाही

शेतमजूर, हॉटेलातला पोरगा, ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर यांना वरची योजना लागू होत नाही. त्यांच्यासाठी रस्ता ग्रामपंचायतीतून जातो. रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी करायची आणि तारखेची पोच घ्यायची. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्त्याची तरतूद आहे. तोंडी मागणीला तिथे किंमत नाही, पोच नसेल तर १५ दिवस मोजणार कुठून? इथेही बँकेतली शिल्लक कोणी विचारत नाही.

काम सुटलेल्यांनी या आठवड्यात करायच्या गोष्टी

काम सुटल्याची नेमकी तारीख कागदावर लिहा आणि त्यापुढे एक वर्ष मोजा. विमा क्रमांक शोधा, पगाराच्या पावतीवर किंवा ई-पहचान कार्डावर तो असतो. अंशदानाचे दिवस ऑनलाइन बघा. आधार, पासबुक आणि ईएसआयमधलं नाव एक आहे का ते तपासा. ३० दिवस झाले असतील आणि मुदत उरली असेल, तर शिल्लक कितीही असो, शाखा कार्यालयात विचारणा करा. मुदतीचा शेवटचा महिना चालू असेल तर दुरुस्त्यांना वेळ लागतो हे धरून आजच निघा.

घरात कोणी काम सुटून गप्प बसला असेल तर त्याला "काय करतोस दिवसभर" असं विचारण्याआधी एवढं विचारावं : तुझा ईएसआय कापत होते का, आणि काम कोणत्या तारखेला सुटलं?